पितळ वाजायच्या सकाळी

१

पितळ जागेवर नव्हतं.

लाकडी चौकट होती, दोन्ही साखळ्या होत्या, होम प्लेटची, म्हणजे फलंदाजाच्या जागेची, रबरी पाटी होती, आणि काल संध्याकाळी ओढलेल्या चुन्याच्या रेघा दवानं ओल्या होत्या. फक्त चौकटीच्या पोटात काही नव्हतं. त्या रिकाम्या चौकोनातून पलीकडचं लायलॅकचं झुडूप दिसत होतं, आणि ते तिथे आहे हे मला आजच कळत होतं.

"तिबो," माझ्यामागून डॉम फुस्को म्हणाला, "लाव तुझा भोंगा. चोर आला म्हणून सांग सगळ्यांना."

"आधी तू हात दाखव," गळ्यातला घोषणा करायचा भोंगा सावरत मी म्हणालो. "पितळ वितळवून टाकीन, असं गेल्या वर्षी कोण ओरडत होतं?"

डॉमनं दोन्ही हात खिशात घातले.

आमच्या व्हिफल बॉलच्या, म्हणजे परसातल्या बेसबॉलच्या, लीगमध्ये फलंदाजाच्या मागे स्टॅन शिमचॅकचं पितळ टांगलेलं असतं. बॉल म्हणजे प्लास्टिकचा पोकळ गोळा, अर्ध्या अंगाला लांबट भोकं. नीट टाकला तर शीळ घालत येतो आणि ऐन वेळी पाहुण्यासारखा वळतो. तो फलंदाजाला चकवून पितळावर बसला की ठण्ण वाजतं. वाजलं की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. पितळाशी कुणी वाद घालत नाही. स्टॅन गिरणीत पितळाचे पत्रे लाटायचा. त्यातलाच हा एक. गिरणीमागच्या तारेच्या कुंपणावर तो टांगून जेवणाच्या सुट्टीत खेळ सुरू झाला. गिरणी बंद पडली तेव्हा पितळ स्टॅनच्या परसात आलं, आणि पितळामागून आम्ही आलो.

नियमही स्टॅनचाच. हंगामाच्या पहिल्या दिवशी, गावातल्या अग्निशमन केंद्राचा बाराचा भोंगा व्हायच्या आत, या घरच्या हातानं पितळ वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर त्या वर्षी खेळ नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी जावं. मरताना त्यानं बायकोकडून शब्द घेतला, "लॉरेटा, वाजवत राहा." तिनं दिला. आम्ही सगळे तिला बाब्ची म्हणतो, म्हणजे पोलिश लोकांची आजी. मग बाब्चीनं आणखी एक शब्द दिला, तिच्या मुलीला, डायेनला, आम्हा सगळ्यांच्या देखत. "ज्या वर्षी पितळ वाजणार नाही, त्या वर्षी मी तुझ्याकडे समुद्रावर राहायला येईन. तोवर विचारू नकोस."

म्हणजे आज पितळ सापडलं नाही तर हंगाम गेला, आणि बाब्चीही गेली.

ती मागच्या पायरीवर उभी होती. एका हातात सॉसेजचा चिमटा, दुसरा एप्रनच्या खिशात. दर वर्षी याच वेळी ती सगळ्यांसमोर पितळ घासते, केचपनं. आंबट लागलं की पितळ हसतं, असं ती म्हणते. काल तिचं सामान मीच गाडीतून आणलं होतं. एक मोठी बाटली सॉसेजसाठी, एक पितळासाठी.

"नाही ना सापडत?" बाब्चीनं विचारलं.

"सापडेल," मी म्हणालो.

"आणि हे बघा!" डॉमनं कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर एकटाच एक जुना चौकड्यांचा शर्ट डुलत होता. "दोरीवरच्या कपड्याला बॉल लागला तर दोन बेस फुकट! बाब्ची, आज आमच्यावर मेहेरबानी?"

बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे. एरवी पहिल्या दिवशी दोरी मोकळी असते, याच नियमामुळे. चार माणसं हसली. बाब्ची हसली नाही. तिनं शर्टाकडे पाहिलं आणि चिमटा दुसऱ्या हातात घेतला.

"मिस कॉइलना बोलवा," ती हळूच म्हणाली.

मग स्वतःच म्हणाली, "नाहीतर राहू द्या."

२

मिस कॉइल आधीच फाटकात उभ्या होत्या. आमच्या अंपायर. अर्ध्या लीगला त्यांनी शाळेत शिकवलंय, त्यामुळे टक्कल पडलेले बाप्येसुद्धा त्यांना पाहिलं की च्युइंगम गिळतात.

"कुणी चौकटीला हात लावलाय?" त्यांनी विचारलं.

"मी नाही," पाचसहा जण एकदम म्हणाले.

त्या चौकटीपाशी वाकल्या. साखळ्यांची खालची टोकं उचलून वर खिळ्याला अडकवलेली होती. हिवाळ्यात पितळ उतरवतात तेव्हा ठेवतात तशी, म्हणजे येताजाता कुणाच्या तोंडावर बसू नयेत.

"मोठा सभ्य चोर दिसतोय," मिस कॉइल म्हणाल्या. "डॉमिनिक, इकडे ये."

"मिस कॉइल, शपथ घेतो..."

"शपथ नको, हात दाखव."

त्याच्या बोटांच्या पेरांत हिरवट काळपट मळ होता. मागे कुजबूज झाली.

"काल गवत कापल्यावर मीच टांगलं ना ते!" डॉम पेटला. "तळघरातून आणलं. हिवाळाभर पडून होतं, हिरवं झालं होतं. हा साबणानं जात नाही, माझ्या बायकोला विचारा!"

"म्हणजे काल संध्याकाळी ते मळकं होतं."

"शेवाळलेल्या टाकीसारखं."

"आणि तुझं त्याच्याशी भांडण होतं."

डॉमनं टोपी काढली. "गेल्या वर्षी फायनलला मी उभा होतो. बॉल लाकडाला लागला होता. लाकडाला! पण वाजलं, आणि तुम्ही मला बाद दिलं. अजून आठवलं की जेवण जात नाही."

"दिसतंय," त्याच्या पोटाकडे बघत मिस कॉइल म्हणाल्या. "वाजलं होतं, डॉमिनिक. माझा निर्णय फिरत नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच पितळ हवंय मला. या वर्षी त्याच्याच तोंडावर तिघांना बाद करायचंय. पितळच नसेल तर मी कुणावर सूड घेऊ?"

मिस कॉइलनी मान हलवली. तो खरं बोलत होता की नाही ते मला कळेना. त्यांना कळलं असावं. त्या कुंपणाकडे वळल्या. पलीकडे शेजारचा बेकरीवाला एर्नी पेल्की झोपायच्या पायजम्यात उभा होता. याच खेळाच्या आवाजाविरुद्ध नगरपालिकेत दर वसंतात तक्रार करणारा.

"मी काहीतरी पाहिलंय," पेल्की म्हणाला. त्याचा चेहरा त्याच्याच पिठासारखा पांढरा झाला होता. "पण सांगितलं तर तुम्ही हसाल."

"मी वर्गात कधी हसले होते?"

पेल्कीनं पायजम्याची नाडी आवळली.

"पहाटे मी स्टॅनला पाहिलं."

३

कुणी हसलं नाही.

पेल्की बेकरीत रात्रपाळी करतो. सगळं गाव झोपलेलं असताना तो जागा, आणि आम्ही पितळ बडवत असतो तेव्हा उशीखाली डोकं घालून पडलेला.

"कामावरून परत आलो," तो म्हणाला. "अजून पुरतं उजाडलं नव्हतं. गाडीतून उतरलो, तर परसात स्टॅन उभा. दोन्ही हात पसरून. अंगात तोच त्याचा चौकड्यांचा शर्ट. मी म्हटलं, स्टॅन, बाबा, तक्रार मागे घेतो, तू परत जा."

"आणि?"

"त्यानं एक हात हलवला. मी घरात पळालो."

मिस कॉइलनी दोरीकडे पाहिलं. वाऱ्यावर शर्टाची बाही उठली, कुणाला तरी बोलवावं तशी, आणि खाली पडली.

पेल्कीनंही पाहिलं. "अरेच्चा," तो म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला.

"तुम्हाला हे पितळ नकोच होतं, पेल्की," मी म्हणालो.

"तुला कोणी सांगितलं? मी तक्रार दर वर्षी करतो, खरंय. बर्फ गेलं, लायलॅकला कळ्या आल्या, पितळ वाजलं, मी तक्रार केली. मग वाटतं, चला, आणखी एक हिवाळा संपला. आता मी तक्रार कशाची करू? शांततेची?"

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचं दार आपटलं. डायेन. बाब्चीची एकुलती मुलगी, किनाऱ्यावरून थेट आलेली. तिच्या गाडीची मागची सीट रिकाम्या खोक्यांनी भरली होती. सामान बांधायची नवी कोरी खोकी, अजून न उघडलेला चिकटपट्टीचा गठ्ठा.

माणसांचे चेहरे तिच्याकडे वळले. खोक्यांकडे वळले. पुन्हा तिच्याकडे आले.

"काय झालं?" डायेननं विचारलं.

"तुझ्या मनासारखं झालं," डॉम म्हणाला.

४

"मी नाही घेतलं," डायेन म्हणाली. स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. ती, मिस कॉइल, मी आणि पाठमोरी बाब्ची. परातीत पिरोगी, म्हणजे बाब्चीच्या उकडलेल्या करंज्या, तशाच वाफाळत होत्या. "दर वर्षी खोकी आणते. दर वर्षी पितळ वाजतं, टाळ्या होतात, आणि मी खोकी परत नेते. आता तर तो आमचा रिवाज झालाय."

"पण या वर्षी वाजलं नाही तर आई तुझी," मिस कॉइल म्हणाल्या.

"आई माझीच आहे. चोरून कशाला नेऊ?" तिचे डोळे भरले. "तळघरात बघितलंत? माळ्यावर?"

"तळघरात बर्फाचं पाणी साचलंय," मी म्हणालो. "पोरांनी माळा बघितला, झुडपं बघितली, पेल्कीचं गॅरेजसुद्धा बघितलं."

मिस कॉइल बाहेर जाऊन डायेनच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आल्या. "इंजिन अजून चटका देतंय. ही लांबून थेट आलीय. पहाटे ही इथे नव्हती."

खिडकीतून डॉमनं डोकं आत घातलं. "बाब्ची, केचप संपलं. दुसरी बाटली द्या. नुसत्या मोहरीवर माणसं बंड करतील."

"दुसरी नाही," बाब्ची म्हणाली. "एकच आणली होती."

मी तोंड उघडलं. काल दोन बाटल्या माझ्याच शेजारच्या सीटवर होत्या, वळणावर एकमेकींवर आपटत होत्या. पण म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, आणि आजच्या दिवशी तिला खोटं कसं पाडू? मी तोंड मिटलं.

मिस कॉइलनी मात्र माझं उघडलेलं तोंड पाहिलं होतं.

"तिबो," त्या म्हणाल्या, "किती आणल्या होत्यास?"

बाब्चीचा हात परातीवर थांबला.

"दोन," मी म्हणालो.

बाहेर कुणीतरी सराव करत होतं. बॉल शीळ घालत गेला आणि नुसत्या गवतात पडला. काही वाजलं नाही. मिस कॉइल खुर्चीवरून उठल्या, टोपी नीट केली, आणि मैदानात निर्णय देताना बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "लॉरेटा, तुझी झोपायची खोली दाखव."

५

खोलीत पडदे ओढलेले होते. मोठा पलंग. दाराकडची बाजू वापरातली, उशीला खळगा. खिडकीकडच्या बाजूवर गोधडी नीट पसरलेली होती आणि तिच्याखाली काहीतरी सपाट निजलेलं होतं. डोक्याशी उशी होती.

मिस कॉइलनी गोधडीला हात लावला नाही. त्या खुर्चीवर बसल्या.

"चोरानं साखळ्या खिळ्याला अडकवल्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो दर वर्षी पितळ उतरवणारा. बाहेरचा नाही. काल संध्याकाळी पितळ मळकं होतं, डॉमिनिकचे हात सांगतात. ते मळकंच चोरीला गेलं असतं तर दुसरी बाटली भरलेली पडून असती. बाटली संपली, म्हणजे चोरानं पितळ घासलं. भंगारवाला घासत नाही. वैरी घासत नाही."

"आणि शर्ट?" मी विचारलं. मला आता कळू लागलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

"जुन्या मऊ कापडानंच पितळ उजळतं. घासलं की चिंधीची काळी चिंधी होते. कुणीही ती फेकून दिली असती." त्यांचा आवाज थोडा खाली आला. "एकच माणूस तो शर्ट धुवून दोरीवर घालील. आणि सकाळी काढायला विसरेल, कारण आजच्या दिवशी त्या दोरीकडे बघायची तिला सवयच नाही. इतकं घासलेलं पितळ ती दवात ठेवणार नाही, तळघरातल्या पाण्यात ठेवणार नाही. राहिली ही खोली."

बाब्ची पलंगाच्या कडेवर बसली. तिनं गोधडी बाजूला केली.

पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ पितळावर पडली आणि खोली उजळली. डायेनच्या गालावर पिवळा कवडसा थरथरला.

"मळकं तसंच निजवणार होते," बाब्ची म्हणाली. "चांगलं झाकूनही टाकलं होतं. पण झोप येईना. शेजारी कुणी आंघोळ न करता झोपल्यासारखं."

"आई, पण का?" डायेन म्हणाली. "तुला तर यायचंच नव्हतं!"

"कोण म्हणालं? मला यायचंय. दोन वर्षं झाली, मला यायचंय." बाब्चीनं पितळावरून तळवा फिरवला. "इथे दर वर्षी हंगाम येतो आणि तो येत नाही. मला समुद्रापाशी बसायचंय. कुणाची वाट न बघता."

"मग बोलायचं होतंस."

"कुणाला? बाहेर बघ. मी जाते म्हटलं तर ही सगळी माणसं पोरकी तोंडं करतील. आणि स्टॅनला शब्द दिलाय, वाजवत राहीन. शब्द मोडता येत नाही. पण पितळच हरवलं तर शब्द आपसूक सुटतो."

"हरवलं नाही. लपवलं," मिस कॉइल म्हणाल्या.

"तुम्ही अंपायर आहात, तुम्हाला फरक पडतो. मी विधवा आहे, मला चालतं."

मिस कॉइलच्या ओठांची एक कड हलली. शाळेत ही गोष्ट कुणी पाहिलेली नाही.

"गिरणीच्या मागे हे पहिल्यांदा वाजलं, तेव्हा तू कुठे होतीस?"

"घरी. डायेन पोटात होती. गिरणीत बायकांना कोण येऊ देत होतं? वाजल्याचं स्टॅननं रात्री जेवताना सांगितलं."

"म्हणजे पहिला हंगाम तुझ्या परसात नव्हता. तुझ्यावाचून झाला, आणि तरी हंगाम होता. बरोबर?"

बाब्चीनं मान डोलावली.

"स्टॅननं तुला वाजवायला सांगितलं, पहारा द्यायला नाही. आज तू वाजव. शब्द पुरा होईल. त्यानंतर पितळ जिथे जाईल तिथे खेळ जाईल, आणि त्या घरचा हात ते वाजवील. तो आजवर तसाच गेलाय. हा माझा निर्णय."

"आणि त्या सगळ्यांना काय सांगू?"

"ते तू ठरव," मिस कॉइल म्हणाल्या. "पण बाराचा भोंगा कुणासाठी थांबत नाही."

६

पितळ मी आणि डायेननं दोन्ही कडांना धरून बाहेर आणलं. मैदानात एक हाक उठली, मग दुसरी. ऊन त्याच्यावर पडलं तेव्हा पहिल्या बेसवरच्या माणसानं डोळ्यांपुढे हात धरला.

"कुठे होतं? कुणी घेतलं होतं?" डॉम धावत आला.

माझ्या गळ्यातला भोंगा बाब्चीनं ओढून घेतला.

"मी घेतलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज कुंपणापलीकडे गेला. "मला लेकीकडे जायचंय, आणि तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. घर विकायचंय. झालं सांगून."

दोरीवरच्या शर्टाचा फडफडाट ऐकू येत होता.

"बाब्ची," डॉम म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना माझ्यावर संशय घेऊ दिलात?"

"तू ते वितळवायला निघाला होतास. म्हटलं, थोडा घाम येऊ दे."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं परस हसलं. डॉमही, नाक पुसत. मग प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न उमटला, आणि तो कुणी विचारायच्या आत कुंपणावरून उत्तर आलं.

"माझं परस याहून मोठं आहे," पेल्की म्हणाला. पायजमा बदलायचा अजून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "चौकट तिकडच्या कोपऱ्यात लावा. आवाज माझ्या पलीकडच्या डॉक्टरच्या खिडकीकडे जाईल. आता त्याला करू दे तक्रार."

"आणि तुमची झोप?" मी विचारलं.

"ती उशी सांभाळते. तिला आवाजाची सवय झालीय."

डॉमनं पितळ साखळ्यांना टांगलं. या वेळी हातमोजे घालून, कालच्या मळक्या बोटांचा एकही ठसा उठू न देता. बाब्ची रेघेवर उभी राहिली. बॉल तिच्या छोट्या मुठीत मावत नव्हता. पहिला चेंडू लाकडावर बसला. टक.

"बॉल! स्ट्राइक नाही!" डॉम ओरडला. "ऐकलंत, मिस कॉइल? लाकूड असं वाजतं!"

"गप बस, डॉमिनिक."

बाब्चीनं दुसरा घेतला. भोकं वर केली, स्टॅन करायचा तशी, आणि हात खालून झुलवून सोडला. चेंडू शीळ घालत निघाला, सावकाश, वाटेत काहीतरी आठवल्यासारखा किंचित वळला.

ठण्ण.

नाद परसभर पसरला, घराच्या भिंतीला लागून परत आला, आणि तो विरायच्या आत अग्निशमनचा भोंगा झाला. डायेन रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. मी भोंग्यात ओरडलो की हंगाम सुरू झालाय. खरं तर ते सांगायची गरज नव्हती.

पहिला फलंदाज डॉम. पिवळी बॅट त्यानं खांद्यावर अशी ठेवली, जणू वर्षभर तिथेच होती. दुसऱ्याच चेंडूवर त्यानं सणसणीत फटका मारला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून उंच गेला, वाऱ्यात अडखळला आणि थेट दोरीकडे उतरला. शर्टाच्या छातीवर बसला. त्याच क्षणी वारा आला, बाही उठली आणि बॉलभोवती गुंडाळली गेली. एक श्वासभर बॉल तिच्या कुशीत राहिला. मग गवतात पडला.

"दोन बेस!" डॉम बॅट टाकून नाचला. "दोरीचा नियम! दोन बेस फुकट!"

"झेलला," पायरीवरून बाब्ची म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. झेलला त्यानं."

साऱ्या मैदानानं मिस कॉइलकडे पाहिलं. नियम त्यांना पाठ होता. नियम लिहिला होता तेव्हा त्या तिथेच होत्या. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, मग पायरीकडे, मग गवतातल्या बॉलकडे. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच, नियमाच्या उलट, त्यांचा अंगठा वर गेला.

"आऊट."

डॉमनं तोंड उघडलं. पायरीकडे बघितलं. बॅट उचलली, टोपी काढून शर्टाच्या दिशेनं जराशी झुकवली, आणि बाकावर येऊन बसला.